हिंगाच्या डबीपासून सुरुवात करा: दूरच्या युद्धाचा हिशोब घरच्या वहीत कसा मांडायचा

स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी आणा. चष्मा लावा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक डब्यांवर तीनच जिन्नस असतात: खाण्याचा डिंक, मैदा किंवा गव्हाचं पीठ, आणि हिंग.

यातला हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानच्या कोरड्या डोंगरांतून येतो. तिथे झाडाच्या मुळाला चीर देतात, चीक पाझरतो, वाळतो, आणि तो खडा पार उत्तर प्रदेशातल्या हाथरसपर्यंत पोचतो. तिथे तो डिंकात आणि पिठात कालवून सौम्य करतात. त्यालाच आपण बांधानी हिंग म्हणतो. हा डिंक जगात सगळ्यात जास्त निघतो सुदानमध्ये, बाभळीच्या जातीच्या झाडांवर. अफगाणिस्तानात १९७९ पासून चार दशकं बंदुका थांबल्या नाहीत. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून तिथलं लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांशी लढत आहेत. पीठ आपलं, माळव्यातलं असेल, पण त्याचा भाव २०२२ साली युक्रेनमुळे कसा हलला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. चिमूटभर हिंगाला एवढा भूगोल चिकटलेला आहे.

मी इंदुरात राजेंद्रनगरला घरून फराळ करून विकते. शेव, चकली, चिवडा, शंकरपाळे, दिवाळीत अनारसे आणि करंज्या. बावीस वर्षं झाली. मदतीला सुशीला, मंगल आणि सणासुदीला आणखी दोघी असतात. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण २०२२ च्या त्या चार महिन्यांत मला जो फटका बसला, त्यानंतर मी एक वही घातली, आणि तिच्यामुळे आता दर मोठ्या बातमीला छातीत धस्स होत नाही. घरून धंदा करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात की ताई, तुम्ही भाव कसे ठरवता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्या विकत नाहीत, फक्त घर चालवतात, त्यांनाही यातलं निम्मं उपयोगी पडेल.

वही कशी आखायची

दोनशे पानी, आडव्या ओळींची साधी वही घ्या. चार रकाने पाडा: तारीख, जिन्नस, भाव, आणि चौथा रकाना ‘तिकडे’. चौथ्याचं मी शेवटी सांगते, पण तो आखून ठेवा, जागा सोडा.

जिन्नस फार नकोत. मी सात लिहिते: सोयाबीन रिफाइंड तेल, चणाडाळ, मैदा, साखर, हिंग, एकोणीस किलोचं गॅस सिलिंडर, आणि डॉलर किती रुपयांना. तुम्ही केक करत असाल तर लोणी घाला, मसाले करत असाल तर लवंग-वेलची. दर सोमवारी एकदा लिहायचं. रोज लिहायला गेलात तर पंधरवड्यात कंटाळाल आणि वही सुटेल.

भाव मिळवायला कुठे जावं लागत नाही. इंदूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत मंडीभावाचा कोपरा असतो. त्यात ‘सोयाबीन रिफाइंड इंदौर’ असं लिहून जो आकडा येतो तो दहा किलोचा असतो, हे आधी मलाही माहीत नव्हतं. आपण घेतो तो डबा पंधरा किलोचा. म्हणून त्या आकड्याची दीडपट करा, वर जीएसटी, डब्याचे पैसे आणि हमाली धरा, की सियागंजच्या घाऊक बाजारात तुम्हाला काय सांगतील याचा अंदाज घरबसल्या येतो. चणाडाळ क्विंटलमध्ये असते. व्यावसायिक सिलिंडरचा भाव साधारण महिन्याच्या एक तारखेला बदलतो, तेव्हा तो महिन्यातून एकदाच.

बातमी वाचायची कशी

वहीबरोबर एक नकाशा लागतो. खजुरी बाजारातून शाळेत लावतात तसला जगाचा मोठा नकाशा आणा आणि भट्टीच्या खोलीत, तेलाचे शिंतोडे उडणार नाहीत अशा भिंतीवर लावा. त्यावर चार जागी लाल पेन्सिलीने गोल करा: काळ्या समुद्रातून बाहेर पडायची बॉस्फरसची चिंचोळी वाट, तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड म्हणजे बाब-एल-मंदेब, इराणच्या खालची होर्मुझची सामुद्रधुनी, आणि मलेशिया-इंडोनेशियाच्या मधली मलाक्काची सामुद्रधुनी. मी यांना दारं म्हणते. युद्ध कुठेही होवो, आपल्या कढईपर्यंत ते यायचं तर बहुतेक वेळा यातल्या एखाद्या दारातून येतं.

मग बातमी आली की स्वतःला ओळीने चार प्रश्न विचारायचे. कोणतं दार अडलं? जे अडलं त्याच्या जागी लोक काय घेणार? कुठलं सरकार घाबरून काय हुकूम काढणार? आणि माल वाटेत किती दिवस असतो?

हे नुसतं वाचून कळत नाही, म्हणून २०२२ चं उदाहरण सावकाश सांगते.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युक्रेन हा सूर्यफूल तेलाचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार. ओडेसा आणि आजूबाजूची बंदरं बंद पडली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता इंदुरात शेव कोणी सूर्यफुलाच्या तेलात तळत नाही. मी तेव्हा सुशीलाला म्हटलं होतं, आपलं सोयाबीन आहे, माळव्यातलं आहे, आपल्याला काय त्याचं. चूक तिथेच झाली. सूर्यफुलाचं तेल खातात हैदराबाद, बंगळूर, चेन्नई. त्यांना ते मिळेना, तेव्हा तेही सोयाबीन आणि पामकडे वळले. सगळं जगच वळलं. माल तेवढाच आणि मागणारे दुप्पट. शिवाय आपण आपल्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यामुळे सोयाबीन शेजारच्या देवासच्या शेतातलं असलं तरी त्याच्या तेलाचा भाव अर्जेंटिना, ब्राझील आणि मलेशियात ठरतो. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा अन्नभावांचा निर्देशांक तोवरच्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला.

मग तिसरा प्रश्न. इंडोनेशिया पाम तेलाचा सगळ्यात मोठा उत्पादक. तिथे स्वतःच्याच लोकांना तेल महाग पडायला लागलं, तेव्हा सरकारने २८ एप्रिलपासून पामची निर्यात बंद केली. युक्रेनशी इंडोनेशियाचा काय संबंध? भावाचा. १३ मे रोजी आपल्या सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. त्या मार्चमध्ये आपल्याकडे विक्रमी उष्णता पडली होती, दाणा पोचट राहिला होता, आणि बाहेर गव्हाला चढा भाव होता. मैद्याचं पोतं हललं ते या दोन्हीमुळे. आपल्याकडे गहू आतच राहिल्याने थोडा दिलासा मिळाला, पण जे देश बाहेरचा गहू घेऊन जगतात त्यांच्यासाठी आणखी एक दार बंद झालं, हेही त्याच ओळीत लिहून ठेवा.

चौथ्या प्रश्नाने मात्र मला बरेच दिवस चकवलं. पाम तेलाचं जहाज आठ-दहा दिवसांत आपल्याकडे येतं, काळ्या समुद्राकडून तीन-चार आठवडे लागतात, दक्षिण अमेरिकेतून सोयाबीन तेल यायला सहा आठवड्यांच्या वर. मग बातमीच्या दुसऱ्याच दिवशी सियागंजात भाव का चढतो? गोदामातला माल तर जुनाच आहे. मी हे आमच्या नेहमीच्या तेलवाल्या सेठजींना जरा रागानेच विचारलं होतं. ते म्हणाले, “काकी, जो आज बेचूँगा, वो कल वापस भी तो लाना है.” मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. व्यापारी आजच्या डब्याचा भाव लावत नाही, पुढच्या डब्याचा लावतो. आपणही तेच करायला हवं, पण आपण मागच्या डब्याचा लावतो आणि बुडतो.

मी बुडाले ती गोष्ट

फेब्रुवारीत, युद्ध सुरू व्हायच्या चार दिवस आधी, मी एप्रिलमधल्या तीन लग्नांच्या ऑर्डरी घेतल्या. रुखवताचं आणि पाहुण्यांना वाटायचं, सगळं मिळून पाच क्विंटल. भाव तोंडी ठरला, विसार म्हणून थोडे पैसे घेतले. तेव्हा डबा मला २,१९० ला पडत होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच २,६४० झाला. मला अकरा डबे लागले. नुसत्या तेलात पाच हजारांच्या आसपास फरक पडला. १ एप्रिलला व्यावसायिक सिलिंडर दिल्लीत अडीचशे रुपयांनी वाढून सव्वाबावीसशेच्या वर गेलं, आपल्याकडेही त्याच प्रमाणात. तीन घरांपैकी दोन आमच्या ओळखीची, मुलींच्या लग्नाचा खर्च काढत होती. त्यांच्याकडे वाढीव पैसे मागायला माझी जीभ रेटली नाही. बायकांची मजुरी पूर्ण दिली. माझ्या हाती दोन महिन्यांच्या कामाचं जवळजवळ काही उरलं नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. घाबरून मी मार्चमध्येच पंचवीस डबे भरून ठेवले, आता आणखी चढेल म्हणून. इंडोनेशियाने २३ मे रोजी बंदी उठवली. तिथे साचलेलं तेल बाहेर पडलं आणि भाव कोसळला. जुलैत डबा २,१०० ला मिळत होता, आणि माझ्या मागच्या खोलीत २,६४० चे पंधरा डबे पडून होते. पावसाळ्यात त्यातल्या दोहोंना तळाशी गंज धरला. त्यातलं तेल मी तळणीला वापरलं नाही.

भाव कसा सांगायचा

आधी स्वतःचं माप घ्या. तेल वीस टक्क्यांनी महागलं म्हणून शेवही वीस टक्क्यांनी महाग करणं चुकीचं आहे, आणि न वाढवणंही चुकीचं. तुमचा जिन्नस किती तेल पितो हे तुम्हाला ग्रॅममध्ये माहीत हवं.

ते असं काढायचं. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी कढई तेलासकट वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा. पिठात मोहन घालणार ते वेगळं मोजा. मग नेहमीसारखे पाच घाणे काढा. घाई करू नका, आच नेहमीचीच ठेवा, कारण तेल गार असलं की शेव जास्त पिते आणि माप फसतं. झारा कढईवर नेहमी जितका वेळ निथळू देता तितकाच निथळू द्या. कढई पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तोला. कमी झालेलं तेल अधिक मोहन, भागिले तयार शेवेचं वजन. माझ्या बारीक शेवेला किलोमागे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास तेल लागतं, चकलीला त्याहून कमी. तुमचं वेगळं येईल. सोऱ्याची चकती, बेसनाचा जाडपणा, सगळ्याने फरक पडतो. हे माप सहा महिन्यांतून एकदा परत घ्यावं, शक्यतो तुमच्याऐवजी मदतनीस तळत असताना, कारण रोज तीच तळते.

माप हातात आलं की हिशोब सोपा. तेल किलोला तीस रुपयांनी चढलं, तर माझी शेव किलोला दहा रुपयांनी महाग पडली. बस. तेवढेच दहा वाढवायचे. गिऱ्हाईकाला वहीचं पान दाखवता येतं, आणि एकदा दाखवलं की घासाघीस होत नाही, असा माझा अनुभव आहे. उतरलं की दहा कमी करायचे, न सांगता, आपण होऊन. हे फार महत्त्वाचं आहे. चढताना वाढवणारे सगळेच असतात. उतरल्यावर कमी करणाऱ्या घराकडे माणसं परत येतात.

भाव सांगताना मुदत सांगा. मी आता ऑर्डरीच्या चिठ्ठीवर लिहिते: ‘हा भाव पंधरा दिवस. त्यानंतर तेलाच्या डब्यात शंभर रुपयांपेक्षा जास्त फरक पडला, तर वर किंवा खाली, तेवढाच फरक धरला जाईल.’ लग्नाची ऑर्डर असेल तर तेलापुरते पैसे आगाऊ घेते आणि तेवढे डबे त्याच आठवड्यात उचलते. मग ते लग्न माझ्या डोक्यावरून उतरलं.

एक गोष्ट मात्र करू नका. तेल महागलं म्हणून गुपचूप पाम मिसळू नका, पाव किलोच्या पुडीत दोनशे वीस ग्रॅम भरू नका. करायचंच तर वर लिहा. मी त्या उन्हाळ्यात दोनशे ग्रॅमची पुडी काढली आणि मोठ्या अक्षरात दोनशे ग्रॅम छापलं. विकली गेली.

किती साठवावं

माझा नियम आता एक महिन्याचा आहे. नेहमीच्या महिन्याला जितके डबे लागतात तितके, दिवाळीच्या आधी दीड महिन्याचे. यापेक्षा जास्त नाही.

७ मे २०२५ ला संध्याकाळी इंदुरात ब्लॅकआउटचा सराव झाला. पाकिस्तानशी तणाव होता, देशभर सराव होते, मध्य प्रदेशात आपल्यासकट पाच शहरांत. दिवे घालवून आम्ही अंधारात बसलो होतो, सायरन वाजत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या किराणा दुकानासमोर ही रांग. तेल, मीठ, आटा. मोबाइलवर कोणी काय काय पाठवत होतं. केंद्राच्या अन्नमंत्र्यांना सांगावं लागलं की साठा भरपूर आहे, साठेबाजी करू नका. मी त्या दिवशी वही उघडली. होर्मुझ उघडं, मलाक्का उघडं, सोयाबीनचा भाव सोमवारी होता तिथेच. आमच्या गल्लीत जी ओढाताण झाली ती आमचीच आम्ही केलेली होती. आणि रांगेत शेवटी राहतं कोण? जिला रोजची मजुरी संध्याकाळी मिळते ती. मंगल त्या संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी गेली होती, तेलाची पिशवीच संपली होती दुकानात. मी माझ्यातलं दोन लिटर दिलं, पण प्रत्येक गल्लीत डबा असलेली कोणी नसते.

जून २०२५ मध्ये इस्राइल आणि इराणचं युद्ध पेटलं, १३ तारखेला. होर्मुझची बातमी रोज. जगातल्या खनिज तेलाचा सुमारे पाचवा भाग त्या दारातून जातो, आणि आपला स्वयंपाकाचा गॅस निम्म्याहून जास्त बाहेरून, मुख्यतः त्याच बाजूने येतो, म्हणून हे दार मी सगळ्यात जपून बघते. कच्चं तेल पिंपाला ऐंशी डॉलरच्या जवळ गेलं. मी काहीच केलं नाही. भाव बदलला नाही, सिलिंडर जास्तीचं घेतलं नाही. २४ तारखेला युद्धविराम झाला आणि आठवड्याभरात भाव खाली आला. दार अडेल असं वाटणं आणि दार खरंच अडणं यांत फरक आहे. जहाजं थांबली का, एवढंच बघायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात एक जहाज पकडलं, मग हल्ले सुरू झाले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांची जहाजं खरोखरच आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, दहा ते चौदा दिवस जास्त. तेव्हा मी भाव बदलला, कारण जहाजं वळली होती. आपल्या भागातून डॉलर चण्याचे, म्हणजे मोठ्या काबुली चण्याचे, कंटेनर बाहेर जातात. ज्यांच्या घरी तो व्यापार आहे त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

सगळं खापर युद्धावर फोडू नका

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर तेल एकदम चढलं. आमच्या भिशीत सगळ्यांचं एकच, गाझाचं युद्ध, लेबनॉनचं युद्ध. वही वेगळं सांगत होती. १४ सप्टेंबरला आपल्याच सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं होतं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. त्या वर्षी सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात होतं, आपल्या माळव्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. ते शुल्क ३० मे २०२५ ला उतरवून साडेसोळावर आणलं, तेव्हा डबा उतरला. शुल्कासाठी मी वहीत वेगळ्या शाईने लिहिते, हिरव्या. युद्धासाठी लाल. पाऊस, उष्णता, पीक यासाठी निळी. वर्षाच्या शेवटी पानं चाळली की कळतं, निळी आणि हिरवी शाई लालपेक्षा कमी नसते. मात्र लाल जेव्हा येते तेव्हा सगळं एकदम येतं: तेल, गॅस, भाडं, आणि रुपयाही. २०२२ च्या सुरुवातीला पंचाहत्तरच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरमध्ये त्र्याऐंशीला गेला होता.

शेतीशी संबंध असेल तर खताचीही ओळ घाला. पोटॅशचा फार मोठा वाटा रशिया आणि बेलारूसमधून येतो. आमच्या दिरांचं शेत हातोदकडे आहे, ते ती ओळ लिहितात.

चौथा रकाना

आता ‘तिकडे’.

मी वही घातली तेव्हा तीनच रकाने होते. एका दुपारी मंगल शेव भरत होती आणि मी तिला सांगत होते की युक्रेनमुळे डबा साडेचारशेने चढला. ती म्हणाली, “काकू, आपल्याला साडेचारशे. त्यांचं काय चाललं असेल?” मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त डबा बघत होते. त्याच संध्याकाळी मी पट्टी घेऊन चौथी रेघ मारली.

माझी आई कोल्हापूरची. मी लहान असताना ती वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश बायकामुलांबद्दल सांगायची. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून उचलून रशियात नेलेले, तिथून सुटून इराणमार्गे आलेले, सुमारे पाच हजार लोक कोल्हापूरजवळ पाच वर्षं राहिले. आई म्हणायची, त्या बायका बाजारात कोबी आणि बीट मागायच्या, आणि भाजीवाल्या त्यांच्याकडून पोलिश आकडे शिकल्या होत्या. युद्ध पोलंडचं, आणि भाजीचा बाजार कोल्हापूरचा. त्याच वर्षांत, ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला, सरकारने माल लढाईकडे वळवला, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली. भाव चढणं म्हणजे आपल्याला महाग पडणं, पण कुणाला तरी अन्न न मिळणं, हे आजीच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

तर या रकान्यात दर सोमवारी एक ओळ लिहायची. त्या जिन्नसाच्या मुळाशी असलेल्या देशात माणसांचं काय चाललं आहे, एवढंच. मत लिहायचं नाही, कोण बरोबर कोण चूक ते लिहायचं नाही, झालेली गोष्ट लिहायची. घरात मुलं असतील तर ही ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या, ती नकाशात गाव शोधतात आणि लक्षात ठेवतात. आमच्याकडे सुशीलाचा नववीतला मुलगा लिहितो. मोबाइलवर आलेलं तो लिहू शकत नाही, छापील पेपरात दोन दिवस आलेलं असेल तरच, हा आमचा नियम आहे.

माझ्या वहीत तेलाच्या ओळीसमोर असं आहे: ‘२२ जुलै २०२२. इस्तंबूलला करार. युक्रेनच्या तीन बंदरांतून धान्य जाऊ देणार.’ पुढच्या आठवड्यात: ‘१ ऑगस्ट. ओडेसाहून पहिलं जहाज निघालं. मका, २६ हजार टन.’ ती ओळ मी स्वतः लिहिली होती आणि मंगलला वाचून दाखवली होती. वर्षभरात सुमारे सव्वातीन कोटी टन धान्य त्या वाटेने बाहेर पडलं. मग: ‘१७ जुलै २०२३. रशिया बाहेर. करार संपला.’

हिंगाच्या ओळीसमोर सुदान येतं. ‘एक कोटीहून जास्त माणसं घरातून उठली.’ ‘ऑगस्ट २०२४. दारफुरमध्ये झमझमच्या छावणीत दुष्काळ जाहीर.’ त्या खाली मुलाने विचारून एक ओळ जोडली आहे, की डिंक गोळा करणारी माणसं आता झाडांपर्यंत जाऊ शकतात का. ओडेसाच्या जहाजासारखी ओळ या पानावर अजून लिहायला मिळालेली नाही. तिच्यासाठी मी खाली दोन ओळींची जागा पेन्सिलीने आखून ठेवली आहे.